बंद पडले, पण पोचवलं

मी बस बोलतेय. हो, तीच, घाटात बंद पडलेली. डेपोतल्या वहीत माझ्या नंबरापुढे एवढंच लिहिलंय: 'प्रवासी खोळंबले, गाडी निकामी.' लिहिणाऱ्याला मी ओळखते. तो माझ्यात कधी बसलेला नाही. म्हणून म्हटलं, आपलं आपणच सांगावं. दया मिळावी म्हणून नाही हं. दया नकोच मला.

माझा जन्म एका पत्र्याच्या शेडमध्ये झाला. इंजिन एकीकडून आलं, सांगाडा दुसरीकडून, आणि एका बुटक्या वेल्डरने चौदा दिवस खपून माझं अंग जोडलं. रंगारी मात्र घाईतला. मागच्या दारावरच्या 'आपत्कालीन' मधला 'का' त्याने इतका खाली उतरवला की येणारा-जाणारा हसायचा. हसू देत. ते दार कधी अडलं नाही.

पहिली सात वर्षं मी सपाट रस्त्यावर, मोठ्या शहरांमध्ये धावले. काचा रोज पुसल्या जायच्या. मग नव्या गाड्या आल्या आणि मला घाटातल्या कंपनीला विकून टाकलं. तरुणपणी सपाट रस्ता आणि म्हातारपणी चढ! वा रे न्याय!

तिथे मला मामा भेटले, माझे ड्रायव्हर. सगळे त्यांना मामाच म्हणत, त्यांच्याहून वयाने मोठे असलेलेसुद्धा. चढावर गिअर टाकताना ते मला "चल गं बाई" म्हणायचे आणि खड्ड्यात मी आदळले की "आई गं" स्वतःच ओरडायचे.

माणसांचा स्वभाव मला चांगला कळतो. चार-चार तास खांद्याला खांदा लावून बसतील, पण एकमेकांचं तोंड बघणार नाहीत. हात टेकायच्या दांडीवरून कोपरांची मूक लढाई चालेल. आणि उतरताना, जणू जन्माची ओळख असल्यासारखं, "येतो हं!"

त्या दिवशीही तसंच होतं. गाडीत सोळा माणसं. तिसऱ्या रांगेत खिडकीशी एक बाई, हातांवर भाजल्याचे जुने डाग. ती दवाखान्यांच्या चादरी धुणाऱ्या कारखान्यात कामाला होती. तिच्या शेजारी निवृत्त शिक्षिका, पायांशी छत्री, तोंडात लवंग. आणि त्यांच्या मागे इस्त्रीचा शर्ट, निळा टाय, मांडीवर फाईल असे एक काका. कुणी कुणाच्या ओळखीचं नव्हतं.

माझा फॅनबेल्ट, म्हणजे इंजिन थंड ठेवणारा पंखा फिरवणारा पट्टा, चिरला होता. मामांनी मॅनेजरला तीनदा सांगितलं होतं. तीनदा उत्तर आलं, "चालवा हो अजून आठवडाभर." ऐन माथ्यावर, दुपारी साडेबारा वाजता, तो तुटला. इंजिन तापलं, वाफ निघाली, मी थांबले. बंद पडले म्हणा हवं तर. पण पट्टा कुणाच्या हलगर्जीपणाने तुटला, ते वहीत कुठे आहे?

मामांनी फोन लावला. मॅनेजर पलीकडून ओरडला, "गाडी जागची हलवायची नाही! संध्याकाळी दुसरी पाठवतो."

"संध्याकाळी?" चादरीवाली उभीच राहिली. "मला चारला कामगार कचेरीत पोचायचंय. आज नाही पोचले तर सगळं संपलं."

"खाली बस आधी," शिक्षिकेने तिचा हात धरला. "काय आहे चारला?"

मग तिने सांगितलं. कारखान्यात पाणी तापवायला वाफेची मोठी टाकी होती. वर्षापूर्वी ती फुटली. तिची धाकटी जाऊ जागच्या जागी गेली. मालक म्हणत होता, त्या पोरीनेच चालू टाकीचं झाकण उघडलं. आज शेवटची सुनावणी होती.

"मेलेल्या माणसाच्या माथी मारणं सोपं असतं ना," ती म्हणाली. "ती उलटून बोलत नाही. मी बोलणार आहे. पण साहेबांसमोर माझी जीभ टाळ्याला चिकटते."

"मग मला सांगून बघ," शिक्षिका म्हणाली. "पस्तीस वर्षं मी पोरांचे अडखळलेले धडे ऐकलेत. कर सुरुवात."

तिने सुरुवात केली. "टाकीवर एक शिट्टी होती. म्हणजे ते... वाफ जास्त झाली की वाजणारं. ते वाजलं की काम थांबवावं लागायचं. म्हणून मुकादमाने ते तारेने बांधून ठेवलं होतं. सहा महिने बांधलेलं होतं."

"शिट्टी नाही," मागून आवाज आला. काका पुढे वाकले होते. "त्याला सेफ्टी व्हॉल्व म्हणतात. शिट्टी म्हणालात तर समोरचा वकील म्हणेल, हिला काही कळत नाही. आणि नुसतं बांधलं होतं म्हणू नका. टाकीच्या वरच्या अंगाला, शिडीच्या बाजूला, असं नेमकं सांगा."

ती तो शब्द दोनदा पुटपुटली. आणि मग थांबली. हळूच मागे वळली.

"शिडीचं तर मी काही सांगितलंच नव्हतं. तुम्हाला कसं माहीत?"

काकांनी मांडीवरची फाईल उलटी ठेवली.

"मी तपासनीस होतो," काका म्हणाले. त्यांचा आवाज पार खाली गेला होता. "फुटण्याच्या पंधरा दिवस आधी... सगळं ठीक आहे, असा दाखला मी दिला होता."

"वर चढून बघितलंत?"

"गुडघा दुखत होता. शिडी खालूनच पाहिली. ऑफिसात बसून सही केली."

"आणि आज कुठे निघालात?"

"तिथेच. मालकाच्या वकिलाने बोलावलंय. म्हणाला, सही तुमचीच आहे, एवढंच सांगा. बाकी काही बोलू नका."

ती रडली नाही, ओरडली नाही. पुढच्या सीटच्या दांडीला धरून उभी राहिली.

"बाई, ऐकून तरी घ्या," काका म्हणाले. "मला वर्षभर झोप नाही. माफी..."

"माफी ठेवा तुमच्याकडे!" ती म्हणाली. "माझ्या जावेची पोर चार वर्षांची आहे. उद्या तिला शाळेत कुणीतरी सांगेल, तुझ्याच आईच्या चुकीने टाकी फुटली. मला तुमची झोप नको, माफी नको. जे आत्ता इथे बोललात ते चारला तिथे बोला. नाहीतर माझ्याशी बोलू नका."

शिक्षिकेने घड्याळ बघितलं. एक वाजून गेला होता. ती छत्री टेकत पुढे गेली आणि माझ्या उघड्या बॉनेटपाशी उभी राहिली. "मामा, काहीच करता येणार नाही का?"

"इथून पुढे सगळा उतार आहे," मामा म्हणाले. "पट्ट्याच्या जागी काहीतरी घट्ट बांधता आलं तर हळूहळू नेता येईल. पण साहेबाने हलवायची नाही म्हटलंय. माझी नोकरी जाईल."

असं म्हणत ते बाह्या वर सारत होते. मामांचं हे असं. तोंडाने नाही म्हणायचं आणि हाताने कामाला लागायचं.

कुणी दोरी दिली, ती जाड निघाली. कुणी ओढणी दिली, ती फाटली. मग काका खाली उतरले. त्यांनी गळ्यातला टाय काढला आणि पुढे धरला. चादरीवालीने तो त्यांच्याकडे न बघता घेतला, पिळला, इंजिनातल्या पट्ट्याच्या चाकांवरून फिरवून आवळला. जन्मभर ओल्या चादरी पिळलेले हात ते. मामा म्हणाले, "पोरी, अशी गाठ मलाही जमली नसती."

आणि मी निघाले! हुकूम मोडून निघाले. वाटेत तीनदा थांबले, तीनदा पाणी प्याले, दोनदा तिने गाठ पुन्हा आवळली. स्टँडच्या फाट्यावर मामांनी मागे वळून विचारलं, "सरळ गेलं तर स्टँड, डावीकडे कचेरी. कचेरी माझ्या मार्गावर नाही. कुणाची हरकत?"

"हरकत कसली? डावीकडे घ्या!" चौदा-पंधरा आवाज एकदम. तेच लोक, सकाळी एकमेकांची बॅगसुद्धा सरकवायला तयार नव्हते!

चारला पाच मिनिटं कमी असताना मी कचेरीच्या फाटकाला नाक लावून उभी राहिले. ती उतरली. तिच्यामागून काका उतरले, आणि छत्री टेकत शिक्षिकाही.

आतलं मी पाहिलं नाही. शिक्षिकेने परत येऊन सगळ्यांना सांगितलं. चादरीवाली न अडखळता बोलली. मग काकांना उभं केलं. वकिलाने विचारलं, "सही तुमचीच ना?" ते म्हणाले, "सही माझी आहे. पण मी वर चढलो नव्हतो. व्हॉल्व पाहिलाच नव्हता." वकील खाली बसवायला लागला, तर म्हणाले, "थांबा, माझं संपलं नाही."

मेलेल्या जावेच्या नावावरचा डाग पुसला गेला. मालक आणि मुकादमावर खटला उभा राहिला, काकांवरही. काकांनी वकील घेतला नाही. त्यांच्या खटल्यात चादरीवाली साक्षीला गेली. दोन्ही गोष्टी सांगून आली: हे वर चढले नव्हते, आणि हे कुणी न विचारता, आपणहून कबूल झाले. माफ मात्र तिने केलेलं नाही. "खरं बोलणं वेगळं, माफ करणं वेगळं," असं ती शिक्षिकेला म्हणाली. बरोबरच आहे तिचं.

मामांना नोटीस आली. मग कंपनीच्या दारात सोळाही माणसं लेखी जबाब घेऊन उभी राहिली, काकासुद्धा. मॅनेजरला पट्ट्याबद्दल उत्तर देता येईना. तीन आठवड्यांनी मामा कामावर परत आले. मला मात्र परत घेतलं नाही. उतारावर इंजिन फार तापलं होतं; आतून तडकलं.

आता मी डेपोच्या मागच्या अंगणात आहे. सीटा काढून नेल्यात, आरसे कुणीतरी पळवलेत, गिअरच्या खाचेत मांजरीने पिल्लं घातलीत. मामा जेवणाचा डबा घेऊन कधीकधी माझ्या पायरीवर येऊन बसतात. एकदा चादरीवालीही आली होती, जावेच्या पोरीला घेऊन. पोर माझ्या सुकाणूच्या चाकावर लटकली, मनसोक्त भोंगा वाजवल्याची नक्कल केली आणि "आपण पोचलो!" असं ओरडली.

तुम्ही म्हणाल, इंजिन घालवून बसलीस, पश्चात्ताप होत नाही? नाही होत. जपून राहिले असते तर याच अंगणात दोन वर्षांनी आले असते, एवढाच फरक. इथे माझ्या शेजारी उभ्या असलेल्या चार गाड्या अगदी शेवटपर्यंत हुकमात वागल्या. त्याही गंजल्यातच.

उद्या मला भंगारात न्यायला क्रेन येणार आहे म्हणे. येऊ दे. मी आपल्या पायांनी जाणार नाही. साडेसात टन वजन आहे माझं; उचलून दाखवा म्हणावं.