पत्रकाची तिसरी ओळ

"तुमच्या पत्रकाच्या तळाशी मुंगीच्या पावलांएवढं जे काही छापलंय, ते जरा मोठ्यानं वाचून दाखवता का?"

हा प्रश्न माझा नव्हता. म्हणजे तोंड माझं होतं, पण पैज मैत्रिणींची होती. हरले असते तर आठवडाभर पाच जणींची दप्तरं मला तिसऱ्या मजल्यावर वाहून न्यावी लागली असती, आणि आमची चिमटी तिच्या दप्तरात काय भरते देव जाणे, विटा असाव्यात. प्रश्न विचारायचा होता शाळेच्या सभागृहात, 'उमेदवाराला भेटा' या कार्यक्रमात, वरच्या वर्गांसमोर, झाडून सगळ्या पालकांसमोर, आणि टाळ्यासुद्धा दोन बोटांनी वाजवणाऱ्या आमच्या मुख्याध्यापिकांसमोर. आणि उमेदवार कोण, तर माझी आई.

आईनं बावीस वर्षं एका गुंतवणूक कंपनीत काढली. लोकांच्या म्हातारपणाची पुंजी कुठे गुंतवायची ते ठरवणं हे तिचं काम. त्या कंपनीच्या प्रत्येक माहितीपुस्तिकेच्या तळाशी एक इशारा असायचा, की फायदा होईलच असं नाही, आणि झाला नाही तर आमच्या दारात येऊन रडू नका. हा इशारा सभ्य भाषेत लिहिण्यात तिचा हात कुणी धरू शकत नसे. मग काय, तो तिच्या अंगातच मुरला. सहलीला जाऊ का, असं विचारलं तर आमच्या घरात 'हो' असं उत्तर कधी आलं नाही. 'सध्याच्या परिस्थितीत शक्यता चांगली आहे,' असं यायचं. मी पाच वर्षांची असताना विचारलं होतं, आई, मी तुला आवडते ना? ती म्हणाली, "आतापर्यंतचा अनुभव तरी उत्तम आहे." बाबा पोट धरून हसले. मी तीन दिवस हसले नाही.

अशा बाईला एका पक्षानं संसदेचं तिकीट दिलं. पक्षाला म्हणे पैशातलं कळणारा नवा चेहरा हवा होता. आईनं तोपर्यंत इमारतीच्या बैठकीतसुद्धा कधी तोंड उघडलं नव्हतं. पण तिनं नोकरी सोडली, एकाच करड्या रंगाचे चार कोट घेतले आणि सगळ्यात आधी मतदारसंघाचा एक तक्ता बनवला. प्रत्येक गल्लीला टक्के. वर गेली तर हिरवी, खाली आली तर लाल. जेवताना ती काळजीनं सांगायची, "बेकरीची गल्ली आज दोन टक्क्यांनी घसरली."

"मग पाव आणू की थोडं थांबू?" बाबा विचारायचे.

बाबांचं चष्म्याचं दुकान आहे. तिथे भिंतीवर अक्षरांचा तो तक्ता आहे, वरून खाली बारीक होत जाणारा. त्यातली शेवटची ओळ आजवर कुणाला धड वाचता आलेली नाही. आईच्या पत्रकाचा तळ त्याहून बारीक होता. वर ठसठशीत पाच आश्वासनं आणि खाली तीन ओळी, धूळ बसल्यासारख्या. त्या पहिल्यांदा दिसल्या चिमटीला. आश्वासनांना तळटीप जोडणारी उमेदवार आमच्यापैकी कुणीच पाहिली नव्हती. मी दुकानातून भिंग आणलं, पण ते फिरवत वाचायच्या आतच तास सुरू झाला, आणि पैज लागली ती लागलीच.

मागच्या वर्षीपर्यंत हजेरी देताना माझा घसा बसायचा. यंदा काय झालं कोण जाणे, एकदा तोंड उघडलं आणि मिटायचं कसं तेच विसरले. तर मी उभी राहिले आणि विचारलं.

आईचे कान लाल झाले. आधी तिनं माझ्याकडे पाहिलं, मग पत्रकाकडे, मग चष्मा कपाळावर चढवला. एक सांगते, माझी आई खोटं बोलत नाही. ती वाचायला लागली.

"एक. वरील आश्वासनं आजच्या अंदाजावर आधारलेली असून ती पूर्ण होतीलच याची हमी उमेदवार देत नाही."

मागच्या रांगांत खसखस पिकली.

"दोन. आधीच्या सरकारांची कामगिरी पाहून पुढच्या सरकारबद्दल फार आशा बाळगू नये."

सभागृहात हशा फुटला. मागून एक आजोबा ओरडले, "बाई खरं बोलतेय हो." टाळ्या थांबेनात. मुख्याध्यापिकांनी चक्क तीन बोटं वापरली. त्या गडबडीत आईनं पत्रकाची घडी घातली, मी खाली बसले, आणि पैज जिंकली म्हणून गालातल्या गालात हसत राहिले.

"तिसरी ओळ राहिली," चिमटी म्हणाली.

"अगं, टाळ्या ऐकल्यास का?"

"ऐकल्या. तिसरी ओळ राहिली."

तिला चिमटी उगाच म्हणत नाहीत. एकदा धरलं की सोडत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळीच पक्षाचे प्रचार सल्लागार घरी हजर. यांना मी जाकीट म्हणते, कारण ऊन असो, पाऊस असो, अंगातलं फुगीर जाकीट काही उतरत नाही. जाकीट सोफ्याच्या काठावर बसले आणि म्हणाले, "मॅडम, हे सोनं आहे. मुलगी भर सभेत आईला उघडं पाडते आणि आई डगमगत नाही. हे आपण प्रत्येक सभेत करायचं."

"पण ते एकदा झालं ना," आई म्हणाली.

"म्हणूनच तर पुन्हा करायचं."

मला सूचना मिळाल्या. गणवेश घालायचा. इस्त्री हवी, पण फार कडक नको. प्रश्न विचारून झाला की मनात दोन अंक मोजायचे आणि मान खाली घालायची. नवी घोषणाही तयार झाली: 'बारीक अक्षरांतलंही मोठ्यानं.'

खोटं कशाला सांगू, मला मजा आली. अकरा सभा केल्या मी. बेकरीवाला मला क्रीमरोल फुकट द्यायला लागला. चौथ्या सभेपासून माझा आवाज हवा तिथे कापायला लागला. आईला वाढदिवसाची भेट पाहूनसुद्धा कधी आश्चर्याचा आव आणता येत नाही, पण सहाव्या सभेपर्यंत ती माझ्या प्रश्नानं अशी दचकायला शिकली की बाबांनी घरी आल्यावर तिला पाणी दिलं. आणि 'बाई खरं बोलतेय हो' म्हणणारे ते आजोबा? ते आता आमच्याच गाडीतून यायचे. तिसऱ्या रांगेतली खुर्ची त्यांच्यासाठी राखून ठेवलेली असायची. एकदा ते एक ओळ आधीच ओरडले, तर जाकीटनी त्यांना परतीच्या वाटेवर चांगलंच सुनावलं.

आईचा तक्ता हिरवागार झाला. "चष्म्याच्या दुकानाची गल्लीसुद्धा आली आपल्याकडे," ती एका दुपारी म्हणाली.

"म्हणजे आधी नव्हती?" बाबांचा घास हातातच राहिला.

शेवटच्या सभेच्या आदल्या दिवशी बैठकीच्या खोलीत नव्या पत्रकांचे गठ्ठे येऊन पडले. मी घड्या घालत बसले होते. चिमटी वही परत करायला आली, आणि उभ्या उभ्या तिनं एक पत्रक उचललं. आता तळाची अक्षरं चांगली मोठी होती, भोवती चौकट, वर आमच्या दोघींचा फोटो.

"दोनच ओळी आहेत," ती म्हणाली.

"मग?"

तिनं दप्तर उघडलं. आत विटा नव्हत्या. या मुलीनं आजवर हातात आलेला एकही कागद फेकलेला नाही, एवढंच. त्यातून जुनं पत्रक निघालं. कंपासपेटीतून बाबांचं भिंग निघालं, जे मी दोन आठवडे घरभर शोधत होते. तिनं ते तिसऱ्या ओळीवर धरलं आणि माझ्याकडे सरकवलं.

'तीन. टपाल सेवेच्या आधुनिकीकरणात मतदारसंघातील नऊ लहान टपाल कार्यालये बंद होऊ शकतात.'

वर मोठ्या अक्षरांतलं चौथं आश्वासन होतं: 'टपाल सेवेचं आधुनिकीकरण.' ते मी अकरा वेळा ऐकलं होतं.

चिमटीची आई बेकरीमागच्या टपाल कार्यालयात काम करते. एक खिडकी, एक वजनकाटा, तिकिटांचा खण, आणि खिडकीमागे चिमटीची आई. दुसरं कुणी नाही. शाळा सुटली की आम्ही तिथल्या बाकावर बसून गृहपाठ करतो, कारण पंखा चांगला आहे आणि काकू आम्हाला गणितं सांगतात.

"आई काल म्हणाली, मत तुझ्या आईला देणार," चिमटी म्हणाली. "एवढी खरं बोलणारी बाई परत मिळायची नाही म्हणे."

मला वाटलं आता ती रडेल किंवा भांडेल. दोन्ही केलं असतं तर बरं झालं असतं. तिनं जुनं पत्रक आणि भिंग माझ्यासमोर ठेवलं आणि दप्तर खांद्याला लावलं.

"या वेळी पैज नाही हां," ती म्हणाली. "तुला वाटलं तर बघ."

संध्याकाळी जाकीट आले. आई, बाबा आणि ते जेवणाच्या टेबलाशी दुसऱ्या दिवशीचं ठरवत होते. मी दोन्ही पत्रकं शेजारी शेजारी ठेवली.

"तिसरी ओळ कुठे गेली?"

"जागा नव्हती," जाकीट म्हणाले.

जिथे जागा नव्हती तिथे वेलबुट्टी छापलेली होती. मी तिच्यावर बोट ठेवलं. जाकीटनी बोट पाहिलं आणि वेलबुट्टीचं कौतुक केलं.

"ते अजून नक्की नाहीये, बाळा," आई म्हणाली.

"बंद होतील की नाही?"

"आजच्या घडीला शक्यता..."

"आई."

तिनं चष्मा काढून टेबलावर ठेवला. "हो," ती म्हणाली. "होतील. आराखडा मीच करून दिलाय पक्षाला."

आमच्या घरात आलेलं हे पहिलं 'हो'.

"हे वाक्य या खोलीबाहेर नको," जाकीट म्हणाले.

"तू जुन्या पत्रकात छापलं होतंस ना?" मी आईला विचारलं. "मग काढलं का?"

"छापलं होतं, कारण ते कुणी वाचत नाही. तू वाचायला लावलंस." ती माझ्याकडे न बघता बोलत होती. "हे बघ, निवडून आले तर आत बसून नवातली तीनचार तरी वाचवता येतील. नाही आले तर नऊच्या नऊ जातील. आणि उद्या हे बाहेर आलं तर मी निवडून येत नाही. दीड टक्क्याचा फरक आहे, पोरी. मी नोकरी सोडून यात उतरलेय."

"त्या तीनचारात बेकरीमागचं आहे?"

आईनं नव्या पत्रकाची घडी घातली. तिच्या तक्त्यात त्या खिडकीचा रंग कोणता असेल ते मला न विचारताच कळलं.

जाकीट उठले. माझ्या डोक्यावर हात ठेवून म्हणाले, "उद्या चौकात, पाच वाजता. नेहमीसारखंच. प्रश्न, दोन अंक, मान खाली." आणि गेले. दार लागल्यावर बाबा चष्मा पुसायला लागले. दुसऱ्यांना नजर देणारा माणूस, पण घरात काही अवघड निघालं की स्वतःचा चष्मा काढून बसतो.

"सोड ना गं आता," ते म्हणाले. "एका दिवसाचा तर प्रश्न आहे. काकूंशी मी बोलेन नंतर, दुकानात काही काम असेल तर..."

"म्हणजे त्यांचं ठरवून टाकलंत तुम्ही."

बाबा पुसत राहिले.

आई हरली तर ती माझ्यामुळे हरेल, आणि ती बावीस वर्षांत कधी काही हरलेली नाही. पण बाकावर चिमटीशेजारी बसून परत गणितं करायची आहेत मला. मी जुनं पत्रक उचललं, भिंग खिशात टाकलं आणि दोघांसमोर उभी राहिले, सभागृहात उभी राहिले होते तशी.

"मी उद्या येणार आहे," मी म्हणाले. "गणवेशात, कडक इस्त्री करून. प्रश्नही तोच विचारणार आहे. फक्त वाचायला तुझ्या हातात हे जुनं पत्रक देणार. तिन्ही ओळी तू वाचल्यास तर मी तुझ्या शेजारी उभी राहीन, लोक काहीही म्हणोत. दुसऱ्या ओळीवर थांबलीस, तर तिसरी मी वाचेन. मान खाली घालणार नाही."

आईनं टेबलावरचा चष्मा उचलून डोळ्यांवर चढवला आणि माझ्याकडे पाहिलं. मग हळूच म्हणाली, "तू खरंच असं करशील, याची शक्यता किती?"

"शक्यता नाही, आई," मी म्हणाले. "मी हमी देतेय."