मी, सिराजभाईनं रंगवलेला बंपर

मित्रांनो, गाडीच्या पुढं छाती काढून उभा राहणारा आणि सगळ्यात आधी मार खाणारा तो मी, बंपर. लोखंडाचा नाही हं, प्लास्टिकचा! अंबडच्या कोर्टात वकिली करणाऱ्या अण्णासाहेबांच्या आकाशी कॉन्टेसा गाडीला मी बसवलेला आहे. माझ्या मधोमध रंगाचे पापुद्रे गेलेले आहेत. त्या गेलेल्या रंगापायी एका भल्या कारागिराचं नाव गेलं. खरं काय ते मला पहिल्यापासून ठाऊक होतं, पण मला तोंड कुठं होतं?

१९९४ साली ही गाडी जालन्याच्या रस्त्यावर एका ट्रॉलीला धडकली आणि माझ्या आधीच्या बंपरचे तुकडे झाले. म्हणून मला मुंबईहून पार्सलनं मागवलं. आलो तेव्हा मी काळाकुळकुळीत, तुळतुळीत होतो आणि मनात फुशारकी अशी, की आपल्यावर आता काही करायची गरजच नाही. जालन्यात सिराजोद्दीन नावाचे पेंटर होते, सगळे त्यांना सिराजभाई म्हणायचे. त्यांनी माझ्या अंगावरून बोट फिरवलं आणि हसले. म्हणाले, याच्या अंगाला साच्यातलं मेण आहे, ते निघाल्याशिवाय याच्यावर काही टिकायचं नाही.

मग काय विचारता! साबणाच्या कोमट पाण्यानं त्यांनी मला एकदा नाही, तीनदा धुतलं. पाणकागदानं घासून माझी सगळी चमक उतरवली. खरं सांगतो, मला भारी राग आला होता. मग थिनरच्या फडक्यानं पुसलं आणि प्लास्टिकला धरून बसणारा प्रायमर मारला. आकाशी रंग जुळवण्यातच दोन दिवस गेले. पत्र्याच्या तुकड्यावर नमुना मारायचा, उन्हात गाडीशेजारी धरायचा, मान हलवायची आणि पुन्हा कालवायला बसायचं. शेवटचा हात मारून झाल्यावर मला गाडीला लावलं, तेव्हा तिचा रंग कुठं संपतो आणि माझा कुठं सुरू होतो ते कुणाला सांगता येईना. माझा राग तिथंच विरघळला.

पण अण्णासाहेबांना घाई होती. दोनच दिवसांवर अंगारकी आली होती आणि राजूरच्या गणपतीला याच गाडीनं जायचं ठरलं होतं. सिराजभाईंनी बजावून सांगितलं, "घेऊन जा वकीलसाहेब, पण आठ दिवस याला काही लावू नका. पाणी न्हाई, फडकं न्हाई, बोटसुद्धा न्हाई. वरून वाळलाय, आतून कच्चा आहे." अण्णासाहेब बरं म्हणाले.

राजूरला दुर्गाबाईंनी, म्हणजे त्यांच्या मंडळींनी, गाडीपुढं नारळ फोडला, हार घातला. अण्णासाहेबांनी तेलात कालवलेला शेंदूर घेतला आणि माझ्या छातीवर चांगलं वीतभर स्वस्तिक काढलं. देवाचं लावलं ते काय लावणं असतं का? सिराजभाईंची ताकीद त्यांच्या मनालाही शिवली नाही. दुसऱ्या दिवशी कोर्टात जायचं, शेंदूर तर वाळून बसलेला. मग त्यांनी रॉकेलची चिंधी घेतली आणि मला खसाखसा चोळलं. अहो, माझा जीव नुसता कासावीस झाला! संध्याकाळी माझा रंग सुरकुतला आणि पंधरा दिवसांत पापुद्रे निघायला लागले.

अण्णासाहेबांनी सिराजभाईंना अंबडला बोलावून घेतलं. कोर्टासमोरच्या हॉटेलापाशी, चार माणसांत म्हणाले, "तुझ्या हाताला आता यश राह्यलं न्हाई, सिराजभाई. धड धुतलंसुद्धा न्हाई तू याला."

सिराजभाई माझ्यापुढं उकिडवे बसले. माझ्या खाचेतून त्यांनी नख फिरवलं, नखाकडं बघितलं आणि उठले. पुन्हा रंगवून देतो, पैसे नको, एवढंच म्हणाले. अण्णासाहेबांनी ते झिडकारलं. वकिलाचा शब्द पडला की गावभर होतो, हा तर जालन्यापर्यंत गेला. सिराजभाईंकडं गाड्या येईनाशा झाल्या. वर्षभरात त्यांनी पेंटिंगचं शेड बंद केलं आणि ते एमआयडीसीतल्या एका रोलिंग मिलमध्ये कामाला लागले. काम काय, तर सळयांच्या टोकांना रंगाची खूण करायची. आभाळाचा रंग जुळवणारा हात तो!

नऊ वर्षं अशीच गेली. अण्णासाहेब म्हातारे झाले, गाडी जुनी म्हणून मिरवायला लागली. तिला नवी करायची म्हणून त्यांनी औरंगाबादच्या एका पेंटरला दाखवली. तो मला खरवडून थकला. म्हणाला, कडेचा रंग अजून पत्र्यासारखा पक्का आहे, ज्यानं धुतलं त्यानं जीव लावून धुतलं. मधेच तेवढं तेल आणि रॉकेल लागलंय, तेही कच्च्या रंगावर. अण्णासाहेबांना ते स्वस्तिक आणि ती रॉकेलची चिंधी आठवली.

त्याच दिवशी ते मला घेऊन मिलच्या गेटवर आले. पाळी सुटली. सिराजभाई सायकल ढकलत बाहेर आले, बोटं लाल-पिवळी झालेली. अण्णासाहेबांनी सगळं कबूल केलं.

"मला तवाच दिसलं व्हतं, साहेब," सिराजभाई म्हणाले. "खाचेत शेंदूर व्हता."

"मंग बोलला का न्हाई?"

"देवाच्या नावानं लावलेलं. त्याला मी कसं नाव ठेवू? अन् चार माणसांत तुम्ही खोटे पडले असते."

अण्णासाहेबांच्या डोळ्यांत पाणी आलं. तूच आता याला रंगव, म्हणून त्यांनी हात जोडले. सिराजभाईंनी आपले हात पुढं केले. ते थरथरत होते. "रंग मारायची बंदूक धरायला आता न्हाई जमत," म्हणाले आणि सायकलवर बसून निघून गेले.

मित्रांनो, मला आजही वाईट वाटतं. माझा रंग गेला त्याचं नाही, तो पुन्हा चढेल. पण कुणाच्या हातच्या कामाला नावं ठेवण्याआधी, त्या कामाला आपण स्वतः काय केलं ते एकदा आठवा. अण्णासाहेबांना आठवलं, पण तोवर नऊ वर्षं उलटून गेली होती.