पूजेला रंगवलेली चाके

मी एक जुने वाइंडिंग मशीन आहे. मित्रांनो, पंपाची मोटर जळली की तिच्या पोटातली जळकी तार काढून नवी भरावी लागते. त्या नव्या तांब्याच्या तारेची वेटोळी माझ्यावर तयार होत. एका बाजूला हँडल, मध्ये बिडाची दोन दातेरी चाके, पुढे तार गुंडाळायचा लाकडी फर्मा आणि डोक्यावर वेढे मोजणारा काटा, एवढाच माझा संसार. म्हैसूरच्या जुन्या पेठेत गुंडुरावांचे दुकान होते. कृष्णराजनगरच्या भातशेतीतले पंप बसच्या टपावर बसून आमच्याकडे येत आणि बरे होऊन परत जात. गुंडुरावांच्या आजोबांनी कापड रंगवले, गुंडुरावांनी तार गुंडाळली. त्यांचा एक नियम होता. गुंडाळताना तार तुटली तर जोड द्यायचा नाही. सगळे वेढे सोडायचे, काटा शून्यावर आणायचा आणि

तुटली. पुन्हा पहिल्यापासून.

मी एक जुने वाइंडिंग मशीन आहे. गुंडुरावांचे हात कापू लागले तसे दुकान बंद झाले. मी त्यांच्या मुलाच्या, किरणकुमारच्या, म्हैसुरातच विजयनगर भागातल्या घरी आले. किरणकुमार ऑफिसात काम करतो. त्याने मला मागच्या ओसरीत चादर पांघरून ठेवले. ती चादर काढली त्याच्या मुलीने, हर्षिताने. ती तेव्हा दहावीत होती.

"अज्जा, आज कृष्णमूर्ती सरांनी आम्हाला आयटीआय दाखवलं," ती गुंडुरावांना म्हणाली. "तिथल्या एका मॅडमनी मोटर खोलून दाखवली. मी दहावीनंतर इलेक्ट्रिशियनला जाणार. अप्पाला तू सांग."

"मी सांगू? तुझ्या अप्पाला या धंद्यातून बाहेर काढता काढता माझे केस गेले. आता तुला आत ढकलू?"

"तुझे केस लग्नाआधीच गेले होते. आज्जी सांगते."

गुंडुराव हसले. मग त्यांनी माझ्या हँडलवर हात ठेवला. "बरं, पुट्टी. दसऱ्याला एक कॉइल गुंडाळ. तार तुटायची नाही, वेढ्यावर वेढा चढायचा नाही. जमलं तर किरणशी मी बोलतो. नाही जमलं तर गुमान सायन्सला जायचं. आयतु?"

"आयतु," ती म्हणाली. ठरले.

दसऱ्यापर्यंत रोज संध्याकाळी ती पडद्याच्या दांडीवर सुतळी गुंडाळत असे. चुकली की सगळी सोडत असे. मी पाहत होते. तिचा हात हळूहळू सैल आणि सारखा होऊ लागला होता. मित्रांनो, मला वाटू लागले होते की आता पुन्हा माझ्यावर

तुटली. पुन्हा पहिल्यापासून.

मी एक जुने वाइंडिंग मशीन आहे. आमच्याकडे दसऱ्याच्या आदल्या दिवशी आयुधपूजा असते. हत्यारे पुजून ठेवतात, त्या दिवशी त्यांना हात लावत नाहीत. दुसऱ्या दिवशी मुहूर्तावर ती पुन्हा चालवायची. किरणकुमारला आजोबा-नातीचे ठरलेले काहीच माहीत नव्हते. त्याला फक्त माझा गंज दिसला. "पाहुणे येणार, आणि अण्णांचं मशीन हे असं?" असे म्हणून त्याने स्वतः ब्रश हातात घेतला. अंगाला लाल रंग दिला, चाकांना चंदेरी. दातांच्या फटीत, हँडलच्या बुडाशी, काट्याच्या काचेवरसुद्धा दिला. खूप मन लावून दिला. वडिलांवर त्याचे प्रेम होते, ते सगळे त्या ब्रशात उतरले.

पूजेला मला झेंडू, लिंबू, हळदकुंकू मिळाले. पाहुण्यांनी माझ्याबरोबर फोटो काढले. मित्रांनो, इतके कौतुक मला उमेदीच्या काळातही मिळाले नव्हते.

विजयादशमीला सकाळी हर्षिताने हँडल धरले. ते हलले नाही. ती खाली वाकून पाहू लागली.

"अज्जा, दातांत रंग वाळलाय. रॉकेल लावून ठेवते, उद्या फिरेल."

"उद्या कसं? मुहूर्त आजचा. एक फेरा तरी आजच फिरायला हवा."

"अज्जा, जोर नको लावू."

पण गुंडुरावांनी कापणारे दोन्ही हात लावले. कट् असा आवाज झाला. माझ्या लहान चाकाचा दात तुटून फरशीवर पडला.

किरणकुमार आतून आला. "काय झालं, अण्णा?"

हर्षिता आजोबांकडे पाहत होती. मी पण पाहत होते. कॉइल झाली नव्हती, पण किरणकुमारशी बोलायची तीच वेळ होती.

"काही नाही," गुंडुराव म्हणाले. "सुम्ने फिरवत होतो."

सुम्ने म्हणजे उगाच.

किरणकुमार आत गेल्यावर त्यांनी तो दात उचलून खिशात टाकला. "साकु, पुट्टी, पुरे आता. देवाच्या मनात नाही."

"देवानं रंग दिला होता का?" हर्षिताने विचारले. ती दहावी पास झाली आणि सायन्सला गेली.

आता मी हॉलमध्ये असते. माझ्या हँडलला मनी प्लँटची कुंडी टांगली आहे. मागच्या आठवड्यात घराचा पंप जळला. किरणकुमारने कुवेंपुनगरपर्यंत सगळीकडे फोन लावले. सगळे म्हणाले, नवा घ्या. "मोटर भरून देणारी माणसंच उरली नाहीत," तो फोन ठेवून म्हणाला. "कुणी शिकतच नाही हल्ली." हे बोलताना त्याचा हात माझ्यावर टेकलेला होता. हर्षिता खालून पाण्याची बादली घेऊन येत होती. ती थांबली. खुर्चीतले गुंडुराव वाकून चप्पल शोधू लागले. चप्पल त्यांच्या पायातच होती. हर्षिताने बादली या हातातून त्या हातात घेतली आणि आत गेली.

मित्रांनो, तुमच्या घरी कुणी हत्यार मागितले तर त्याची पूजा नंतर करा. आधी ते मागणाऱ्याच्या हातात द्या. तेल द्या, रंग देऊ नका. ही विनंती मी दर आयुधपूजेला करते, आणि दर आयुधपूजेला मला आणखी एक बोट कुंकू लागते. नियमाप्रमाणे आता काटा शून्यावर आणून पुन्हा सुरुवात करायला हवी. तो रंगाखाली आहे. मी एक जुने