मिशीतलं शीत

१९८४ सालच्या हरतालिकेला माझी सकाळची पाळी होती. नर्सिंगचं दुसरं वर्ष. दिवसभर पाण्याचा थेंबही घ्यायचा नव्हता, म्हणून विमला सिस्टरनी आधीच बजावलं, "सुमेधा, उपास तुझा आहे, पेशंटचा नव्हे. चक्कर आली तर खुर्चीवर बस, कुणाच्या अंगावर पडू नकोस."

सातव्या खाटेवर महिपतकाका होते. लांज्याकडचे शेतकरी, न्यूमोनियातून उठलेले. चार दिवस ताप नव्हता. आजही नसला तर डॉक्टर घरी सोडणार होते. दुसऱ्या दिवशी गणपती, मुंबईहून मुलगा आलेला आणि अकराची एसटी धरायची. काका पहाटेपासून टोपी घालून बसले होते.

मी त्यांच्या तोंडात थर्मामीटर दिला. काढून पाहते तर पारा एकशे दोनवर!

"किती हाय गो बाय?"

माझ्याच्यानं सांगवेना. नाडी मोजली, बहात्तर. कपाळ थंडगार. मग हा ताप आला कुठून? तक्ता हातात घेतला, पण पेन चालेना. एकदा एकशे दोन लिहिलं की काकांचा गणपती इथंच, खाटेवर.

मी काकांकडे वाकले आणि वास आला. उपाशी माणसाचं नाक फार तिखट असतं. कढत पेज, वर आंब्याच्या लोणच्याचा खार!

"काका, काही गरम प्यायलात?"

"नाय गो! पानी पन नाय तोंडात."

"मग मिशीत हे शीत कुणाचं?"

काकांनी हातानं मिशी झाकली. दारातून त्यांची बायको, गोदाकाकी, कळवळून म्हणाल्या, "आता सांगा की वो! मीच पाजली बाय, चोरून. आज माजा उपास, यांनी कशाला उपाशी जायाचं एसटीत? सिस्टर वरडतील म्हनून लपवला."

विमला सिस्टर मागंच उभ्या होत्या. काकींना सोडून त्या माझ्याकडे वळल्या. "थर्मामीटर देण्याआधी विचारलं होतंस, काही खाल्लं-प्यायलं का?"

"नाही, सिस्टर."

"पहिल्या महिन्यात शिकवलेलं! आता पंधरा मिनिटं थांब. आणि नामस्मरण कर हवं तर, पण नजर घड्याळावर."

डॉक्टर पहिल्या खाटेशी आले होते. मी मनात नाम घेत काट्याकडे बघत राहिले. काका ओठ घट्ट मिटून बसले, जणू बोललं तर ताप चढेल. डॉक्टर पाचव्या खाटेशी पोचले तेव्हा पंधरा मिनिटं भरली. पुन्हा थर्मामीटर दिला.

अठ्ठ्याण्णव पॉइंट चार.

"लिही आता," सिस्टर म्हणाल्या. गोदाकाकींनी दारातूनच हात जोडले, गणपतीला की सिस्टरना, कोण जाणे.

अकराची एसटी मिळाली.

विसर्जनानंतर काका तपासणीला आले. मी थर्मामीटर झटकत होते. तोंड उघडण्याआधी त्यांनी मिशी पुढं केली.

"आदी हितं बघ गो बाय!"