त्याला की त्याने

माझ्या थोरल्याला ताटावर बसायची रीत राहिलेली नाही. उजव्या हातानं घास घेतो आणि डाव्याची बोटं टेबलाच्या कडेवर नाचवतो. चार महिने झाले. आधी वाटलं, दिवसभर कोर्टात टायपिंग करतो, सवय लागली असेल. शिंप्याचे पाय मशीन बंद झाल्यावरही हलतात. मग नीट पाहायला लागले. मी दोन इयत्ता शिकलेली, सहीपुरतं अक्षर येतं, पण डोळे माझे शाबूत आहेत. बोटं दर वेळी तेवढीच चालायची आणि एकाच ठिकाणी अडायची. मग हा पँटला अंगठा पुसायचा. अंगठ्याला काहीही लागलेलं नसायचं.

सूनबाई म्हणायची, कामाचा ताण आहे. पोरगी गुणाची, पण नवऱ्याची बाजू घ्यायला तिला कारण कमी पडत नाही. गेल्या सुट्टीच्या दुपारी त्यानं धाकट्या नातीला थोपटायला घेतलं, तर ती उठून माझ्याकडे आली. "आजी, बाबा माझ्या पाठीवर काहीतरी लिहितात आणि पूर्णच करत नाहीत."

मी त्याला स्वयंपाकघरात बसवलं आणि दाराला कडी घातली. मग सगळं बाहेर आलं.

एका गोदामात हमाल आणि मुकादम जिन्यावर भांडले. मुकादम खाली पडून मेला. पाहणारा एकच, गेटवरचा म्हातारा रखवालदार. साक्षीत त्यानं हमालाकडे बोट दाखवून सांगितलं, आधी त्याला ढकललं. म्हणजे पहिला धक्का मुकादमाचा, हमाल जीव वाचवायला उलटला. आमच्या चिरंजीवांनी टाइप केलं, आधी त्याने ढकलले. 'ला'च्या जागी 'ने'. जेवणाची सुट्टी तोंडावर आली होती. साक्षीच्या खाली एक ओळ असते, 'वाचून दाखवले, बरोबर आहे'. ती हा सकाळीच सगळ्या कोऱ्या कागदांवर उमटवून ठेवतो, वेळ वाचतो म्हणे. वाचून कुणीच दाखवलं नाही. हमालाचा वकील घड्याळ बघत होता. म्हाताऱ्यानं विश्वासानं अंगठा उठवला.

महिन्याभरानं जजसाहेबांनी निकाल सांगितला, तोही यानंच टाइप केला. पहिला धक्का आरोपीचाच, असं साहेब त्या एका वाक्याच्या आधारानं म्हणाले, आणि याच्या कानात म्हाताऱ्याचा आवाज आला. हात थांबले. काय झालं, असं साहेबांनी विचारलंसुद्धा. हा म्हणाला, काही नाही. हमालाला दहा वर्षं झाली.

"मग आता सांग जाऊन," मी म्हटलं.

"कुणाच्या भरवशावर? रखवालदार गेला गेल्या महिन्यात. आई, कोर्टात माणूस बोलत नाही, कागद बोलतो. वरच्या कोर्टात अर्ज गेलाय, तिथंही हाच कागद वाचतील."

मग नोकरीचं काढलं, पोरींच्या शाळेचं काढलं. ते खोटं नव्हतं. माझ्या तोंडाला अख्खी गल्ली टरकून असते, पण त्या दिवशी मीच उठून दाराची कडी काढून दिली.

कारण माझ्या सह्याही अशाच झालेल्या. घराच्या कागदावर, ह्यांच्या आजारपणात दवाखान्याच्या कागदावर. इथं करा म्हणाले, केली. वर काय लिहिलं होतं, देव जाणे.

पुढचे दोन दिवस तो म्हातारा आमच्याकडेच होता, म्हणा. दाराशी चपला काढायला बाक आहे. भर दुपारी तो करकरायचा, कुणी अंग सैल सोडून टेकावं तसा. मागत काही नव्हता. आपलं बोलणं आपल्याला कुणी वाचून दाखवेल, एवढ्यासाठी थांबल्यासारखा. मी तिकडे पाठ करून भांडी विसळत राहिले. दुसऱ्या दिवशी मात्र धीर सुटला. न वळताच विचारलं, "काय सांगितलं होतंस रे बाबा?"

आतल्या खोलीत टेबलावर बोटं वाजली. तेवढीच चालली आणि अडली. थोरला तेव्हा कोर्टात होता, सूनबाई पोरींना आणायला गेलेली. घरात मी एकटी.

आज सकाळी तो डबा घेऊन निघाला. बाकावर बसून बूट घालणार, तेवढ्यात मी म्हटलं, तिथं नको बसूस. त्यानं का म्हणून विचारलं नाही. उभाच राहिला, भिंतीला हात लावून. चाळिशीचा बाप्या, पण चेहरा ताप आलेल्या पोरासारखा झालेला. मी पदर खोचला, पायात चपला सरकवल्या आणि त्याला सांगितलं:

"चुकून लिहिलंस, ते माफ. साहेबांनी विचारल्यावर 'काही नाही' म्हणालास, ते माफ नाही. म्हातारा मेला म्हणून त्याचं बोलणं मेलेलं नाही, ते तुझ्यापाशी आहे. दुसऱ्याची चीज दाबून ठेवणाऱ्याला काय म्हणतात, ते तुझ्या कोर्टाला मी सांगायला नको. नोकरी गेली तर जाऊ दे, मी चार घरची धुणी धरीन. तुझा साहेब ऐकेल न ऐकेल, तो त्याचा न्याय. माझा हा. चल, मी येते बरोबर. आणि तिथं पोचल्यावर कागदाकडे बघायचं नाही, साहेबांच्या तोंडाकडे बघून बोलायचं."