दोन कड्यांचं दार

मला इथे सगळे ‘तोफ’ म्हणतात. म्हणू देत. तोफ उडाली की निदान ऐकू तरी जातं. आमच्या भाऊजींचं तसं नाही. भाऊजी म्हणजे माझे मोठे दीर आणि या वसाहतीचे प्रमुख. त्या माणसाने उभ्या जन्मात आवाज चढवलेला नाही. छप्पर कोसळलं तरी हे म्हणतील, “आपण यावर शांतपणे बोलू या.” ते ‘शांतपणे’ ऐकलं की माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते.

वसाहत सगळीकडून बंद आहे. वर काच, बाजूंना आणि खाली दगड. आम्ही आत शिरलो तेव्हा बाहेरचं दार पाठीमागून सांधून टाकलं, ते मुदत संपेपर्यंत उघडायचं नाही. आपलं धान्य आपण पिकवायचं, वापरलेलं पाणी गाळून तेच प्यायचं, आपण सोडलेला श्वास पिकांनी घ्यायचा आणि पिकांनी सोडलेला आपण. बाहेरून चिमूटभर मीठसुद्धा यायचं नाही. माणसं कुणाच्या मदतीशिवाय गुण्यागोविंदाने राहू शकतात, हे म्हणे जगाला दाखवायचं होतं. गव्हाचं जमलं, पाण्याचं जमलं. गुण्यागोविंदाचं घोडं अडलं.

कारण बंद जागेत भांडण जाणार कुठे? बाहेर होतो तेव्हा नवऱ्याशी वाजलं की मी दार आपटून निघायची, चार गल्ल्या फिरायची आणि येताना भाजी घेऊन यायची. इथे रुसून जाऊन जाऊन जाणार टोमॅटोच्या वाफ्यापर्यंत, आणि तिथे आधीच कुणीतरी रुसून बसलेलं असायचं. एकदा जेवणघरात ताटं उडाली तेव्हा भाऊजींनी तोडगा काढला. भांडायची खोली.

ती खोली मीच केली, मी सुतारीण आहे. धान्याची एक रिकामी कोठी होती, दोन माणसं गुडघ्याला गुडघा लावून बसतील एवढी. भिंतींना जुनी कांबळी ठोकली. दाराच्या चारी कडांना लोकरीची जाड पट्टी बसवली, म्हणजे आतला शब्द बाहेर जायला नको. आणि आतून दोन कड्या, एक पार वर, एक पार खाली जमिनीलगत. दोन्ही एकाच वेळी उचलून धरल्या तरच दार उघडतं, सोडली की कडी आपोआप पडते. एकट्याचं काम नाही. एकाने उभं राहायचं, दुसऱ्याने वाकायचं. कोण वाकणार यावरून पुन्हा भांडण व्हायचं ते वेगळं.

नियमही भाऊजींचेच. बोलावलं की आत यायचंच, मग तो कुणीही असो. सभेत आवाज चढवायचा नाही, चढला तर खोलीत जायचं. आणि आत बोललेलं आतच. बाहेर त्याचा उच्चार नाही, ते मिटलं असं धरायचं.

खोटं कशाला बोलू, खोली चालली. लालबुंद होऊन आत गेलेली माणसं गरीब गाय होऊन बाहेर यायची. जांभया देत, कपाळ चोळत, “जाऊ दे गं, काय ते एवढं” म्हणत. मीसुद्धा! भाऊजींची छाती फुगली. मनातलं बाहेर पडलं की माणूस मोकळा होतो, असं ते सभेत सांगायचे आणि आम्ही माना डोलवायचो.

आता तळघराचं सांगते. तिथे मशरूमचे वाफे आहेत. वाफे म्हणजे नुसतं खत, ओलं, गरम, सतत धुमसणारं. माझी नणंद तिथे काम करते, आणखी चौघंही असतात. खताची ऊब सांभाळायला झोपतातही तिथेच. आधी त्यांच्यात काकाही होते. आमच्या नात्यातले नव्हेत, पण अख्ख्या वसाहतीचे काका. तळघरातली कोंदट हवा वर ओढायला एक मोठा पंखा आहे. गव्हाला ऊन पुरत नाही म्हणून लावलेल्या दिव्यांना वीज कमी पडायला लागली तेव्हा भाऊजींनी तो पंखा निम्म्यावर आणला.

पंखे सांभाळणारा माणूस सभेत उठून ओरडला. “अहो, खत श्वास सोडतं, माणसं सोडतात, ती जड हवा खालीच बसून राहणार! कुणीतरी झोपेतच जाईल!”

“आपण खोलीत बोलू,” भाऊजी म्हणाले.

दोघं आत गेले. पंखेवाला बाहेर आला तो कपाळ चोळत, जांभई देत. पंखा निम्म्यावरच राहिला. विषय मिटला.

त्यानंतर खालच्या सगळ्यांची डोकी दुखायला लागली. नणंद आधीच काही गोड बोलणारी नाही, पण आता तिला बादली ठेवल्याचा आवाजही सहन होईना. “खालची माणसं फार चिडकी झालीत,” असं वरचे लोक म्हणायला लागले. रोज त्यांच्यातलं कुणी ना कुणी भांडायच्या खोलीत. मग एका सकाळी काका उठलेच नाहीत. वय झालं होतं, असं सगळे म्हणाले. आम्ही दोन मिनिटं शांत उभे राहिलो. तेवढं आम्हाला छान जमतं.

आणि काल सकाळी नणंद उठेना. चौघांनी तिला हातांवर घेऊन जिना चढवला. मी वरची पायरी ठोकत होते. माझ्यासमोर तिला ठेवलं, तेव्हा तिचे निळे पडलेले ओठ बघून मी हातोडा टाकला आणि तिला गदागदा हलवलं. थोड्या वेळाने ती भडाभडा ओकली आणि डोळे उघडून म्हणाली, “काय ठोकतेस गं सकाळी सकाळी?” मला रडू आलं. रागानेच आलं.

दुपारी सभा भरली. मी उभी राहिले.

“भाऊजी, पंखा पूर्ण वेगाने सोडा. ती झोपायला जायच्या आत.”

“सुतारबाई,” भाऊजी म्हणाले. सभेत ते मला सुतारबाई म्हणतात. स्वतःच्या भावजयीला! का, तर नातं मध्ये यायला नको. “पंख्याचा विषय खोलीत मिटलेला आहे.”

“तो पंखेवाल्याशी मिटला. माझ्याशी कुठे मिटलाय? काका गेले, आज ही जाता जाता राहिली!”

“काकांचं वय झालं होतं. आणि हवा मोजायचं यंत्र सगळं ठीक दाखवतंय.”

“यंत्र जिन्याच्या वर टांगलंय! खाली झोपलेल्या माणसाच्या नाकाशी कधी धरलंत ते?”

“आवाज, सुतारबाई.”

“अहो, सख्खी बहीण आहे ती तुमची!”

“म्हणूनच जपून वागायला हवं. बहिणीसाठी गव्हाची वीज काढली, असं उद्या लोक म्हणतील. आवाज चढवून मांडलेला मुद्दा सभेत धरला जात नाही. तुम्ही खोलीत बोला.”

मी आजूबाजूला बघितलं. वरची सगळी माणसं आपापल्या नखांकडे बघत होती. आमचे हे माशांच्या टाक्या सांभाळतात, आणि माशांपेक्षाही कमी बोलतात. ते बाहीला चिकटलेले खवले काढत बसले होते. ज्याचं जळतं त्यालाच कळतं म्हणतात, पण ह्यांची तर बहीण जळत होती!

बाहेर आल्यावर मी नणंदेला धरलं. “आज माझ्या खोलीत झोपायचं. वर.”

“आणि ते चौघं? त्यांनी खाली मरायचं आणि मी प्रमुखांची बहीण म्हणून वर लोळायचं?”

“मग त्यांनाही आण!”

“खत कोण सांभाळेल? वाफे मेले तर जेवायला काय घालशील सगळ्यांना, तुझा भुसा?”

आमचे आवाज चढले. वाटेतल्या कुणीतरी खोलीकडे बोट दाखवलं. गेलो आत, घातल्या कड्या, आणि जुनं नवं सगळं उकरून काढलं.

“लग्न झाल्या दिवसापासून माझ्या भावाला मुठीत ठेवलंयस तू!”

“तुझा भाऊ मुठीतच मावतो, त्याला मी काय करू!”

असं बराच वेळ चाललं. मग दोघींचा जोर ओसरला. मला वाटलं, जाऊ दे, तिचं काय चुकलं, आणि माझं तरी काय. जीभ जड झाली. ती उभी राहिली, मी वाकले, दार उघडलं. बाहेरच्या हवेत आलो आणि ती भिंतीला टेकून कपाळ दाबत म्हणाली, “वहिनी, खाली सकाळी उठल्यावर अस्संच होतं. हेच डोकं, हीच गुंगी.”

मी तिथेच थांबले. दाराकडे बघितलं, त्या लोकरीच्या पट्टीकडे बघितलं. अगं बाई! कसलं मन मोकळं होत होतं आमचं? त्या कोठीत हवा शिरायला जागाच नव्हती. दोन माणसं आपल्याच श्वासात बसून बधिर होत होती, आणि त्यालाच आम्ही समेट म्हणत होतो. पंखेवाल्याला कुणी पटवलं नव्हतं, त्याला नुसती गुंगी आली होती.

“तुझ्या वाफ्यातलं खत दे,” मी म्हटलं. “सगळ्यात गरम असेल ते. दोन पोती.”

नणंदेने कारण विचारलं नाही. दोघींनी पोती वर आणली, खोलीत समोरासमोर ठेवली, वर कांबळं घातलं. मग मी भाऊजींना बोलावलं. यावंच लागलं. नियम त्यांचाच.

“हे काय?” पोत्याकडे बघून त्यांनी विचारलं.

“बसायला. तुमचे गुडघे दुखतात ना?”

ते बसले. मी वरची कडी घातली, त्यांनी खालची. आणि मी गप्प बसले. तोंडातून अवाक्षर नाही. भाऊजींनी आधी हसून बघितलं. मग मला गव्हाचं महत्त्व सांगितलं, समतोल सांगितला, मोठी माणसं कशी घरापलीकडे बघतात ते सांगितलं. मी ऐकत राहिले. माझंही डोकं ठणकायला लागलं होतं, घाम फुटला होता, पण म्हटलं, तोफे, आज तोंड उघडायचं नाही.

त्यांनी गळ्यावरचं बटण काढलं. कपाळ चोळलं. श्वास भराभर चालायला लागला. “काय बोलायचं ते बोल ना,” ते म्हणाले. ‘सुतारबाई’ गेली, ‘तुम्ही’ गेलं. मग, “बोलायचं नाही तर दार उघडू या.” मग, “ऐकू येत नाही का तुला?” मग ते उठले, वरची कडी एका हाताने धरली आणि खालच्या कडीला पाय लावायला गेले. जमेना. दोनदा धडपडले.

“कडी उचल!” ते ओरडले. भाऊजी ओरडले! त्या खोलीची कांबळी थरथरली. “उचल म्हणतो ना! डोकं फुटतंय माझं, जीव घाबरतोय! हवा नाही इथे!”

“शांतपणे बोला, भाऊजी,” मी म्हटलं. “आवाज चढवून मांडलेला मुद्दा आपल्याकडे धरत नाहीत.”

“अगं, मरेन मी इथे!”

“हवा मोजायचं यंत्र ठीक दाखवतंय. जिन्याशी टांगलंय बघा.”

त्यांनी पुन्हा कडी ओढून बघितली. मग खाली पोत्याकडे बघितलं. कांबळं बाजूला करून त्यांनी खतावर हात ठेवला. ते चांगलंच गरम होतं.

“हे तिच्या वाफ्यातलं?”

“तिच्या उशाशी असतं रोज.”

ते बसलेच. नुसते धापा टाकत होते. मग बारीक आवाजात म्हणाले, “काकांनाही असंच झालं असेल?”

“असंच. फक्त त्यांना जाग आली नाही.”

भाऊजी वाकले. स्वतःहून वाकले आणि खालची कडी धरली. मी वरची उचलली. दार उघडल्याबरोबर ते भिंत धरत धरत धावत सुटले, आणि सगळ्या वसाहतीने त्यांचा आवाज ऐकला. “पंखा सोड रे! पूर्ण सोड! आत्ताच्या आत्ता सोड!”

पंखा सुटला. रात्री तळघरात पाच माणसं झोपली आणि सकाळी पाचही उठली. नणंद तर उठल्या उठल्या माझ्याशी भांडली, पोती परत का नाही आणलीस म्हणून.

आज सभा होती. वाटलं होतं, आता तरी भाऊजी सगळं सांगतील. ते उभे राहिले. आवाज पुन्हा साखरेच्या पाकात बुडवून आणलेला. “पंखा पूर्ण वेगाने चालेल आणि गव्हाचे काही दिवे कमी होतील. खोलीत झालेल्या चर्चेतून हा निर्णय झाला. आत बोललेलं आतच राहतं, त्यामुळे कारणांत जाण्याची गरज नाही.” वरची माणसं माना डोलवायला लागली. काकांचं नाव नाही. कुणाच्या निर्णयाने काय झालं, त्याचा उच्चार नाही.

पण मनात शंकाही होतीच. म्हणून सकाळीच मी बिजागऱ्या काढल्या होत्या. बाहेर गेले, दार पाठीवर घेतलं, सभेच्या मधोमध आणून धाडकन आडवं टाकलं. लोकरीची पट्टी अजून लोंबत होती.

“आत म्हणजे कुठे आता?” मी म्हटलं. “दाखवा मला. कोठीला दार नाही. आता जे आहे ते सगळं बाहेरच आहे.”

“सुतारबाई,” भाऊजी म्हणाले, “आपण यावर शांत...” आणि तिथेच अडखळले. त्यांचा हात नकळत कपाळाकडे गेला होता.

मी सुरुवात केली. काकांपासून. पण नेमका आजच तोफेचा आवाज हवा तसा लागेना. तेवढ्यात मागच्या बाकावरून नणंद उठली.

“वहिनी, मोठ्याने बोल,” ती म्हणाली. “मागे ऐकू येत नाही.”