अंगठ्यावरचा फोड

आमच्या ह्यांचं आणि वन्संचं, म्हणजे ह्यांच्या सख्ख्या थोरल्या बहिणीचं, बोलणं बंद होऊन अकरा महिने झाले होते. कारण एवढंच की आमच्या शेळ्यांनी एका दुपारी वन्संच्या मेंढ्यांचा सगळा चारा फस्त केला. वन्संनी दोन घरांच्या मध्ये तारेचं कुंपण घातलं. ह्यांच्या नाकाला मिरच्या झोंबल्या, म्हणून ह्यांनी हातभर अंतर सोडून आपलं दुसरं घातलं. दोघं एकाच आईची लेकरं, त्यामुळे कुंपणंही सारख्याच उंचीची झाली.

मग आमच्या करडांच्या ओठांवर फोड आले. खपल्या धरल्या, दूध पिताना पिल्लं कळवळायला लागली. आठवडाभरात पलीकडे वन्संच्या कापशीचं तोंडही तसंच झालं. कापशी म्हणजे त्यांचं एक कोकरू. आईनं जवळ घेतलं नाही म्हणून बाटलीवर वाढत होतं.

गुरांच्या डॉक्टरीणबाई आल्या आणि दोन कुंपणांच्या मधल्या फटीत उभ्या राहिल्या. एका बाजूला आम्ही, दुसऱ्या बाजूला वन्सं.

"मावा आहे," त्या म्हणाल्या. "विषाणूचा आजार. शेळीचा मेंढीला लागतो, मेंढीचा शेळीला. तीन-चार आठवड्यांत बरा होईल. पण तोवर पिल्लांच्या पोटात दूध गेलं पाहिजे. ते कोकरू आधीच अशक्त आहे. दोन दिवस उपाशी राहिलं तर हाती लागणार नाही."

"काल दुपारपासून थेंब घेतलेला नाही तिनं," वन्सं म्हणाल्या. त्यांचा आवाज मी असा कधी ऐकला नव्हता. हेही एकदम जमिनीकडे बघायला लागले.

डॉक्टरीणबाईंनी दोन्ही कुंपणं निरखली. "इतकं चोख अंतर मी घसा कोरडा करून सांगितलं तरी कुणी ठेवत नाही. मग आजार पलीकडे गेला कसा? इकडून तिकडे कोण जातं?"

"कुणी नाही," दोघं एकदमच म्हणाले. अकरा महिन्यांत त्यांचं एकमत झालं ते असं.

"विचार तुझ्या नवऱ्याला, शेळ्या मोकळ्या सोडल्या होत्या का," वन्सं मला म्हणाल्या.

"सांग तिला, माझ्या शेळ्या बांधलेल्या असतात," हे मला म्हणाले. तिघं दहा पावलांत उभे, आणि मी मध्ये टपाल वाहतेय.

डॉक्टरीणबाईंचं लक्ष ह्यांच्या अंगठ्यावरच्या चिंधीकडे गेलं. "हे काय झालं?"

"काटा लागलाय," हे म्हणाले. मलाही हेच सांगितलं होतं. मी बिचारी तीन दिवस चष्मा लावून, सुई घेऊन त्या सुजेत काटा शोधत होते.

बाईंनी चिंधी सोडली. खाली आता करडांच्या ओठांवर होता तसाच फोड.

"हा काटा करडाच्या तोंडातला आहे. माणसालाही होतो," त्या म्हणाल्या. "घाबरू नका, आपोआप जाईल. पण हा हात कोकरापर्यंत पोचला कसा?"

तेवढ्यात ह्यांचा आवाज ऐकून कापशी धडपडत कुंपणाशी आली, सुजलेलं तोंड तारेतून बाहेर काढलं आणि ह्यांच्या अंगठ्याच्या दिशेनं चोखायला लागली.

मग सगळं बाहेर आलं. कापशी वन्संच्या हातून बाटली घ्यायचीच नाही. हे रोज साडेबाराला, मी जरा आडवी झाले की, मागच्या दारानं निघून तारेखालून पलीकडे जायचे. अंगठा दुधात बुडवून तिला चोखायला द्यायचे आणि हळूच बाटलीचं निपल सरकवायचे. आज मात्र अंगठा ठणकत होता म्हणून गेले नव्हते.

"आणि बाटली कोण भरून ठेवायचं?" मी विचारलं.

वन्संनी पदर नीट केला. "मी आपली कोमट करून दगडावर ठेवायची आणि दार लावून पडायची. उठले की रिकामी असायची."

"आपोआप?"

"मी कशाला चौकशी करू?" छप्पन्न वर्षांची बाई साळसूदपणे म्हणाली.

डॉक्टरीणबाई हसू दाबत बॅगेत काहीतरी शोधायला लागल्या. मग हातमोजे बाहेर काढून म्हणाल्या, "दोन्हीकडे हात लावायचा नाही, ये-जाही करायची नाही. एकतर शेळ्या, नाहीतर हे कोकरू. तीन आठवडे, मोजे घालून. काय ते आत्ता ठरवा."

म्हणजे ह्यांनी उघडउघड बहिणीच्या घरी राहायला जायचं, आणि तिनं 'ये' म्हणायचं. दोघांनाही ते जमेल असं मला वाटेना. कापशी तारेत तोंड घालून उभीच होती.

वन्सं ह्यांच्या अंगठ्याकडे बघत होत्या.

"दुखतंय का रे?"

"दुखतंय, ताई," हे म्हणाले.

मला तीन दिवस काटा, आणि तिला एका शब्दात खरं. मला राग आला, आणि डोळेही भरून आले. मी घरात जाऊन ह्यांचे तीन सदरे पिशवीत भरले.

पुढचे तीन आठवडे अठरा शेळ्या आणि मी. पलीकडून दोघांची भांडणं ऐकू यायची. दूध गार आहे. गार नाही, तुझे मोजे गार आहेत. बाटली अशी धरतात का. मी शेळ्यांना मलम लावता लावता ऐकायची आणि जीव निवायचा. कापशीचं पोट टम्म झालं.

बाविसाव्या दिवशी डॉक्टरीणबाईंनी सगळ्यांना मोकळं केलं. हे घरी आले, जेवले. साडेबाराला मी नेहमीसारखी आडवी झाले आणि डोळे मिटले. हे पावलांचा आवाज न करता उठले आणि मागच्या दाराकडे निघाले.

"अहो," मी डोळे न उघडता म्हटलं, "पुढच्या दारानं जा."

पावलं आता आवाज करत परत फिरली. मग पुढच्या दाराची कडी वाजली.